फ्लॉप्यांवरचा जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर

प्रश्न थोडक्यात असा: १९९२ ते २००१ या काळातल्या एका त्रैमासिकाचा मजकूर फ्लॉप्यांवर पडून आहे. काही फ्लॉप्या सव्वापाच इंची, बाकीच्या साडेतीन इंची. सुरुवातीचे अंक डॉसवर जिस्ट कार्ड (देवनागरी दाखवणारे) लावून जुळवलेले, पुढचे विंडोज ९५ वर वर्ड आणि पेजमेकर या पाने जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये. कपाटात एक जुना पेंटियम संगणकही आहे. हे सगळे आजच्या संगणकावर, शोधता येईल अशा युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची आजची संकेतावली) मराठीत हवे आहे.

यातली खरी मेख फ्लॉपीत नाही. फ्लॉपी वाचली जाते किंवा जात नाही, आणि ते लवकर कळते. मराठी मजकुराची वाट लागते ती नंतर. कोणीतरी फाइल आजच्या वर्डमध्ये उघडतो, इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, म्हणून सगळे निवडून मंगल हा युनिकोड फाँट लावतो आणि सेव्ह करतो. झाले. कुठला शब्द कुठल्या फाँटात होता, ही माहिती तिथेच पुसली गेली. जुन्या मराठी फाइलीत फाँटाचे नाव हा अर्धा मजकूर असतो. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी बाइट जसेच्या तसे उतरवायचे, मग फाँटाची नावे सांभाळून मजकूर बाहेर काढायचा, आणि युनिकोड सगळ्यांत शेवटी.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी

प्रत्येक फ्लॉपीच्या लेबलाचा फोटो काढा, तिला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक पुढे तिच्या इमेज फाइलीला (आख्ख्या फ्लॉपीच्या बाइटवार प्रतीला) द्या. मग लिहिण्याची सोय बंद करा. इथे दोन आकारांचा कारभार उलटा आहे. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवली की लिहिणे बंद होते. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच झाकली की बंद होते. खाच झाकायला पारदर्शक सेलोटेप वापरू नका, कारण बऱ्याच ड्राइव्हमध्ये ती प्रकाशाच्या सेन्सरने तपासली जाते. काळी चिकटपट्टी लावा. 'आपण काही पुसणार नाही, मग कशाला?' असे वाटेल. पण विंडोज ९५ आणि ९८ ही लिहिणे बंद न केलेल्या फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये (चकतीवरच्या छोट्या कप्प्यात) आपली खूण परस्पर लिहून टाकतात, नुसती फाइलींची यादी पाहिली तरी.

आता बुरशी. साडेतीन इंचीचे धातूचे झाकण सरकवून धरा, मागची गोल चकती बोटाने हळू फिरवा आणि आतला पृष्ठभाग तिरक्या उजेडात पाहा. पांढुरके ठिपके किंवा वलये दिसली तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोवा इथे काही पावसाळे बंद कपाटात काढलेल्या फ्लॉप्यांत ती हमखास सापडते. अशी फ्लॉपी तशीच चालवली तर बुरशी ड्राइव्हच्या हेडवर (चकती वाचणाऱ्या टोकावर) चढते, तो मळका हेड चकतीवर ओरखडा काढतो, आणि ओरखड्याबरोबर त्या ट्रॅकवरचा (गोल पट्ट्यावरचा) चुंबकीय थरच निघून जातो. तो भाग मग कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. शिवाय पुढची चांगली फ्लॉपीही त्याच हेडखाली जाणार असते.

साफ करायचे तर मास्क आणि हातमोजे घालून. सव्वापाच इंचीच्या कव्हरची एक कड धारदार ब्लेडने कापून आतली लवचीक चकती अलगद बाहेर काढा, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि दुसऱ्या स्वच्छ कव्हरमध्ये सरकवून वाचा. साडेतीन इंचीचे प्लॅस्टिकचे कवच उकलावे लागते. चकती धातूच्या मध्यभागासह उचलून रद्दी फ्लॉपीच्या कवचात बसवता येते. बाजू उलटी होऊ देऊ नका. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका. पहिला प्रयोग नको असलेल्या फ्लॉपीवर करा, हे सांगायला नकोच. संशय असलेल्या प्रत्येक फ्लॉपीनंतर ड्राइव्हचे हेड त्याच अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा. वरचा हेड उचलून धरायचा मोह टाळा, त्याची जुळणी बिघडते. वाचताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर लगेच थांबा. थर सुटायला लागल्याची ती खूण असते.

वाचायचे कशाने

साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांसाठी यूएसबीवर चालणारा साधा ड्राइव्ह पुरतो. ७२० केबीच्या फ्लॉप्या बहुतेक यूएसबी ड्राइव्ह वाचतात, सगळे नाहीत. सव्वापाच इंचीसाठी असा बाजारू यूएसबी ड्राइव्ह मिळत नाही, आणि जुन्या मॅकिंटॉशच्या ८०० केबीच्या फ्लॉप्या तर पीसीच्या साध्या कंट्रोलरला वाचताच येत नाहीत, कारण त्यांची लिहिण्याची पद्धत आणि फिरण्याचा वेग दोन्ही वेगळे.

फाइली ओढून डेस्कटॉपवर टाकू नका. आख्ख्या फ्लॉपीची इमेज घ्या. लिनक्सवर यासाठी डीडीरेस्क्यू उत्तम. ते आधी सोपे भाग वाचून घेते, अडलेले सेक्टर नकाशा फाइलीत नोंदवते आणि मग फक्त त्यांच्याकडे परत जाते. फ्लॉपी एकदा काढून, हेड पुसून, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून त्याच नकाशा फाइलीवर पुन्हा चालवले तर राहिलेले सेक्टर पुष्कळदा मिळतात. दोन ड्राइव्हची हेडजुळणी किंचित वेगळी असते, एवढेच त्यामागचे गुपित. विंडोजने 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का?' असे विचारले तर उत्तर कायम 'नाही'.

इमेज पूर्ण आली की नाही, हे आकारावरून लगेच कळते. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर ८० ट्रॅक, २ बाजू, दर ट्रॅकला १८ सेक्टर आणि दर सेक्टरला ५१२ बाइट, म्हणजे १४,७४,५६० बाइट. ७२० केबीची ७,३७,२८०. सव्वापाच इंची १.२ एमबीची १२,२८,८०० आणि ३६० केबीची ३,६८,६४०. एक बाइटही इकडेतिकडे असेल तर वाचन अर्धवट आहे. आकार बरोबर आला तरी न मिळालेल्या सेक्टरांच्या जागी शून्ये भरलेली असू शकतात, म्हणून नकाशा फाइल जपा. पुढे कुठला परिच्छेद संशयास्पद, हे तीच सांगेल.

सव्वापाच इंची आणि हट्टी फ्लॉप्यांसाठी ग्रीसवीझल नावाचे छोटे बोर्ड घ्या. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला जुन्या ड्राइव्हची ३४ पिनांची पट्टी. ते सेक्टर वाचत बसत नाही, चकतीवरचे चुंबकीय बदलच वेळेसकट टिपते. अर्थ नंतर लावता येतो. सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ आणि १२ व्होल्ट दोन्ही लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत, तेव्हा स्वतंत्र पॉवर सप्लाय ठेवा. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीची फ्लॉपी वाचताना हेड दोन-दोन पावलांनी सरकवण्याची सूचना द्यावी लागते, कारण तिच्यावर ४० च ट्रॅक असतात आणि ड्राइव्ह ८० चा. ही सूचना विसरली की अर्धे ट्रॅक 'खराब' दिसतात आणि चांगली फ्लॉपी लोक फेकून देतात. अशा ड्राइव्हमध्ये त्या फ्लॉपीवर लिहायचे मात्र मुळीच नाही. त्याचा हेड अरुंद असतो आणि जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध बारीक रेघ लिहितो. मग मूळ ड्राइव्हलाही ती धड वाचता येत नाही.

इमेजमधल्या फाइली सेव्हन-झिपने उघडतात. लिनक्सवर एमटूल्स आहेतच. फाइलींऐवजी शेवटी ००१ असलेली 'बॅकअप' आणि 'कंट्रोल' नावाची जोडी दिसली तर तो डॉसच्या बॅकअप आज्ञेचा संच आहे. सगळ्या फ्लॉप्या क्रमाने लागतील आणि तो सोडवायला शक्यतो त्याच आवृत्तीच्या डॉसची रिस्टोअर आज्ञा. पेजमेकरची मोठी फाइल एआरजे या झिपसारख्या प्रोग्रॅमने तुकडे करून चार-पाच फ्लॉप्यांवर टाकायची पद्धत डीटीपीवाल्यांत सर्रास होती. ते तुकडे एका फोल्डरमध्ये आणून डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनात) एआरजे चालवूनच जोडा.

कपाटातला पेंटियम

तो सुरू करू नका, निदान लगेच नाही. हार्ड डिस्क काढून घ्या आणि यूएसबी-आयडीई अडॅप्टरवर लावा, जम्पर 'मास्टर'वर. फ्लॉप्यांवरच्या फाइलींच्या नव्या आवृत्त्या आणि मुख्य म्हणजे फाँट तिथेच सापडतील. विंडोज ९५ ची फाइलव्यवस्था आजचे विंडोज वाचते. आधी इथेही आख्खी इमेज घ्या. एक अडचण येते: फार जुन्या, साधारण ५०० एमबीच्या आतल्या कित्येक डिस्क सेक्टरांना सरळ क्रमांक देण्याची एलबीए पद्धत जाणत नाहीत आणि हे अडॅप्टर दुसरी कुठली पद्धत जाणत नाहीत. डिस्क फिरते, पण संगणकाला दिसत नाही. ती बिघडलेली नसते. अशी डिस्क जुन्या मदरबोर्डवरूनच वाचावी लागते. त्या बोर्डाचा सेल मेलेला असणार, म्हणून नवा घालून बायोसमध्ये डिस्कचे माप पुन्हा ओळखायला लावा. ३८६ किंवा ४८६ असेल तर बोर्डावरची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी गळली आहे का, ते वीज देण्याआधी पाहा.

यंत्र चालते पण फ्लॉपी ड्राइव्ह मेला आहे, अशा वेळी सिरियल पोर्ट कामी येतो. दोन संगणक थेट जोडणारी नल-मोडेम केबल घ्या (९ पिनांच्या जोडणीत २ आणि ३ उलटसुलट, ७ आणि ८ उलटसुलट, ५ सरळ), दोन्हीकडे कर्मिट हा फाइली पाठवण्याचा प्रोग्रॅम चालवा. वेग ९६०० ठेवला तर सेकंदाला सुमारे ९६० बाइट जातात, म्हणजे ३६० केबीला साडेसहा मिनिटे. ११५२०० वर हेच अर्ध्या मिनिटात होते. ८ बिट, बायनरी हे दोन पर्याय निवडल्याशिवाय मराठी फाइल पाठवू नका. ७ बिटांवर काय होते ते पुढे येतेच.

डॉसच्या काळातला मजकूर: इस्की

जिस्ट कार्ड पुण्याच्या सी-डॅकचे. ते पीसीच्या स्लॉटमध्ये बसे आणि डॉसच्या साध्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी दाखवे. फाइलीत साठे ती इस्की संकेतावली, तिचे १९९१ चे भारतीय मानक आयएस १३१९४. १२७ पर्यंत नेहमीचे इंग्रजी, १६१ ते २५० मध्ये भारतीय लिप्या. अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठतात, युनिकोडसारखीच. म्हणून हा काळ जुना असला तरी रूपांतर सगळ्यांत सोपे आहे.

'मराठी' हा शब्द इस्कीत पाच बाइटांचा: २०४, २०७, २१८, १९०, २२०, म्हणजे म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणारा प्रोग्रॅम; इथले आकडे मात्र दशमान आहेत) फाइल उघडून असे दोनशेच्या आसपासचे बाइट दिसले की इस्की समजा. मधे २३९ दिसला तर त्याच्या पुढचा बाइट अक्षर नव्हे, सूचना आहे: ६६ म्हणजे इथून देवनागरी, ४८ म्हणजे ठळक, ४९ तिरपे, ५० अधोरेखित. फाइलीत १७६ ते २२३ एकही बाइट नाही पण १२८ ते १६० भरपूर आहेत, असे दिसले तर तो इस्कीचा पीसीसाठी केलेला प्रकार आहे. पडद्यावर चौकटी काढायची चिन्हे वाचवण्यासाठी त्यात अक्षरे सरकवलेली असतात, आणि त्याला वेगळा तक्ता लागतो.

साध्या इस्कीसाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये ती ५७००२ क्रमांकाच्या कोडपेजने (संकेतावलीच्या तक्त्याने) ओळखली जाते. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये या क्रमांकाने बाइट वाचून यूटीएफ-८ या युनिकोड रूपात लिहिता येतात. लिनक्सवर आयसीयू या युनिकोडच्या साधनसंचातल्या यूकॉन्व्ह आज्ञेला स्रोत म्हणून इस्कीची आवृत्ती ० सांगा. मग मराठीसाठी हाताने एक बदल उरतो: इस्कीतला १७४ हा युनिकोडमध्ये ऍ होतो, मराठीत ॲ हवा. शोधा आणि बदला.

आता वर्डस्टार, म्हणजे डॉसवरचा लेखनाचा प्रोग्रॅम. त्याच्या ४ पर्यंतच्या आवृत्त्या 'डॉक्युमेंट' प्रकारात शब्दाच्या शेवटच्या अक्षरात १२८ मिळवत आणि आपल्याआप मोडलेली ओळ १४१ ने दाखवत. इंग्रजी मजकुरासाठी उपाय सोपा: १२८ च्या वरच्या प्रत्येक बाइटातून १२८ वजा करा, बिंदूने सुरू होणाऱ्या आज्ञांच्या ओळी काढा, २६ दिसला की फाइल संपली. पण हाच उपाय सांगणारी कितीतरी छोटी साधने लोक मराठी फाइलीवर चालवतात, आणि इस्कीतले प्रत्येक मराठी अक्षर १२८ च्या वरच असते! 'मराठी'चे मग एल, ओ, झेड, मोठेपणाचे टोकदार चिन्ह आणि उलटी तिरकी रेघ होऊन बसते. ७ बिटांवर पाठवलेल्या फाइलीचेही नेमके हेच होते.

असे झालेच असेल आणि मूळ फ्लॉपी उरली नसेल, तरी मजकूर शुद्ध मराठी असल्यास वाचतो. ३३ ते १२२ मधल्या प्रत्येक बाइटात १२८ परत मिळवा. घोळ फक्त विरामचिन्हांचा होईल: स्वल्पविराम ४४ चा, तो १७२ होऊन ए बनेल, पूर्णविराम ४६ चा, तो १७४ होऊन ऍ. शब्दाच्या शेवटी चिकटलेला ऍ म्हणजे पूर्णविराम असे डोळे झाकून बदला. शब्दाच्या शेवटचे ए मात्र एकेक पाहा.

वर्डस्टारमध्ये 'नॉन-डॉक्युमेंट' प्रकारात टाइप केलेले असेल तर बाइट शाबूत असतात. नंतरच्या आवृत्त्यांच्या डॉक्युमेंटमध्ये वरच्या प्रत्येक अक्षराला आधी २७ आणि नंतर २८ अशी कुंपणे असतात. ती काढली की खाली स्वच्छ इस्की.

विंडोजच्या काळातल्या फाइली

खरी मेहनत इथे आहे. १९९५ नंतर मराठी टाइप झाली ती फाँटांच्या जोरावर. फाइलीच्या लेखी तो इंग्रजीच मजकूर, फक्त फाँटात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएम सॉफ्टवेअरचे डीव्ही-टीटीयोगेश किंवा डीव्हीबी-टीटीसुरेख, शिवाजी, किरण, कृतिदेव: प्रत्येकाची मांडणी निराळी. सी-डॅकच्या नावातले 'डीव्ही' आणि 'डीव्हीबी' हेही वेगळे. दुसऱ्यात इंग्रजी अक्षरे आपल्या जागी असतात आणि देवनागरी वरच्या अर्ध्यात कोंबलेली. म्हणून फाँटाचे नाव क्रमांकासकट, जसेच्या तसे टिपून घ्या. फाइल कुठल्याच प्रोग्रॅममध्ये उघडत नसेल तरी हेक्स एडिटरमध्ये फाँटाचे नाव पुष्कळदा साध्या अक्षरांत वाचता येते.

फाइल कसली आहे हे एक्स्टेन्शनवर विसंबून ठरवू नका. २०८, २०७, १७, २२४ या चार बाइटांनी सुरुवात असेल तर वर्ड ६ ची किंवा त्यानंतरची, अथवा पेजमेकर ६ चीही असू शकते. २१९, १६५ असेल तर विंडोजवरचे वर्ड २. २५५ नंतर डब्ल्यू-पी-सी असेल तर वर्डपरफेक्ट.

आजचे वर्ड हे जुन्या वर्ड ६ आणि वर्ड ९५ च्या फाइली उघडायला नकार देते. ट्रस्ट सेंटरच्या फाइल ब्लॉकमध्ये ते बदलता येते. त्यापेक्षा लिब्रेऑफिसमध्ये उघडा आणि डॉक्स (docx) म्हणून वेगळ्या नावाने साठवा. फाँट संगणकावर नसला तरी त्याचे नाव फाइलीत टिकते. आधी ऑटोकरेक्ट पूर्ण बंद करा. नुसते उघडल्याने काही होत नाही, पण एखादी दुरुस्ती टाइप केली किंवा शोधा-बदला चालवले की सरळ अवतरणचिन्हे वळणदार होतात. कृतिदेवमध्ये सरळ दुहेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा ष. 'महाराष्ट्र'मधला ष् तिथेच गळतो आणि त्या जागी खरोखरीचे अवतरणचिन्ह उमटते.

पेजमेकरच्या फाइलींसाठी तीन वाटा. इनडिझाइन सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६.५ आणि ७ उघडत. पुढच्या उघडत नाहीत. लिब्रेऑफिस ड्रॉ २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून उघडते, पण मजकूर चौकटीचौकटीत तुटून येतो. पाहायला ठीक, मजकूर काढायला वैताग. सर्वांत स्वच्छ वाट म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) विंडोज एक्सपी, त्यात पेजमेकर ६.५ आणि मूळ फाँट. फ्लॉपीची इमेज तिथे थेट जोडता येते. फाँट नसेल तर पेजमेकर पर्यायी फाँट सुचवतो. तिथे 'तात्पुरता' निवडा. 'कायमचा' निवडून सेव्ह केले की नाव गेले. मजकुरात कर्सर ठेवून फाइल मेन्यूतून एक्स्पोर्ट करा. एका वेळी एक लेख बाहेर येतो. प्रकार आरटीएफ (फाँटांची नावे टिकवणारा) निवडा. साधे टेक्स्ट निवडले तर मधल्या इंग्रजी शब्दांचे आणि मराठीचे फाँट एकाच मापाने मोजले जातील, आणि रूपांतरात प्रत्येक इंग्रजी संदर्भ निरर्थक देवनागरी होऊन बसेल.

श्री-लिपी किंवा आयएसएम चालवायला हार्डवेअर लॉक (संगणकाला जोडायची किल्ली) लागे, म्हणून लोक घाबरतात. जुनी फाइल पाहायला किंवा रूपांतरित करायला लॉक लागत नाही; टीटीएफ फाँट पुरतो. फाँट पीएफबी-पीएफएम या जुन्या प्रकारच्या जोडीत असेल तर मात्र आजचे ऑफिस तो दाखवणार नाही. पाहण्यासाठी व्हर्च्युअल एक्सपीच वापरा.

रूपांतरात नेमके काय करायचे

सी-डॅकचे परिवर्तन, मायक्रोसॉफ्टच्या भाषाइंडियाचे टीबीआयएल, आणि हौशी मंडळींनी केलेली वेबपानांवरची साधने आहेत. आधी आपला फाँट यादीत नावानिशी आहे का ते पाहा. नसेल तर स्वतः तक्ता करणे वाटते तितके अवघड नाही: फाँट लावून ३३ ते २५५ सगळी अक्षरे एका पानावर छापा आणि प्रत्येकासमोर युनिकोड लिहा.

पण त्याआधी बाइट सरळ करून घ्या. वर्ड ९७ पासून मजकूर युनिकोडमध्ये साठू लागला, आणि जुने बाइट त्यात विंडोज-१२५२ या पाश्चात्त्य संकेतावलीच्या चष्म्यातून शिरले. फाँटातला १४७ क्रमांकाचा तुकडा आता ८२२० या क्रमांकाचे अवतरणचिन्ह झालेला असतो. फाँट 'सिम्बॉल' प्रकारचा असेल तर अक्षरे ६१४७२ ते ६१६९५ या खाजगी पट्ट्यात दिसतात. त्यातून ६१४४० वजा केले की मूळ बाइट. कुठलाच परिवर्तक चालत नाही, सगळे चौकोन येतात, अशी तक्रार असते तिथे निम्म्या वेळा हेच कारण निघते. १६० आणि १७३ वरही लक्ष ठेवा. तिथे फाँटाने अक्षर बसवलेले असेल तर आजचे प्रोग्रॅम त्यांना न तुटणारी जागा आणि अदृश्य जोडरेघ समजतात. अक्षर दिसतच नाही, पण फाइलीत असते.

मग खरे काम. ओळखीचे उदाहरण कृतिदेव ०१० चे. 'धर्म' हा शब्द त्यात तिरकी रेघ, के, ई, झेड असा साठतो: अर्धा ध, काना, म, रफार. नियम क्रमाने लावायचे. लांब जुळण्या आधी, म्हणजे 'अर्धा ध अधिक काना' हा पूर्ण ध होतो हे आधी. नुसता काना नंतर. मग ऱ्हस्व वेलांटी. ती या फाँटांत व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर हवी. तिला एका अक्षरापलीकडे नाही, आख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यायचे. 'स्थिती'चे 'सि्थती' आणि 'मुक्ती'च्या ऱ्हस्व रूपाचे 'मुकि्त' असे जे जागोजाग वाचायला मिळते, ते याच आळशी नियमाचे फळ. रफार सर्वांत शेवटी. तो उलटा प्रवास करतो: 'वर्षी'मध्ये तो वेलांटीनंतर टाइप झालेला असतो, त्याला वेलांटी आणि ष दोन्ही ओलांडून ष च्या आधी बसवायचे.

मराठीची स्वतःची एक अडचण 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतल्या आडव्या र ची. हिंदीसाठी केलेल्या साधनांत तो नसतो, किंवा 'दुसर्या' होऊन येतो. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिला जातो: ऱ ला हलन्त जोडून, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडखूण वापरून. दिसायला सारखेच, पण शोध घेताना एकाला दुसरा सापडत नाही. आख्ख्या संग्रहासाठी पहिलाच ठरवा आणि शेवटी सगळा मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणा.

हे सगळे फाँट पाहून, तुकड्यातुकड्याला लावायचे. डॉक्स फाइलीत मजकूर 'रन' नावाच्या तुकड्यांत असतो आणि प्रत्येकाला फाँट असतो. पायथन किंवा वर्डच्या मॅक्रोने फक्त जुन्या मराठी फाँटाचे तुकडे उचला, बाकीच्यांना हात लावू नका. फाँट तुकड्यावर नसेल तर परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये शोधा. आणि एक खबरदारी: टाइप करताना फाँट मधेच तुटलेला असतो, त्यामुळे एकच शब्द दोन तुकड्यांत असू शकतो. त्याच फाँटाचे शेजारचे तुकडे आधी जोडा, नाही तर वेलांटी एका तुकड्यात आणि तिचे व्यंजन दुसऱ्यात अडकेल.

तपासणीला शब्दकोशाआधी साधी छाननी लावा. शब्दाच्या सुरुवातीला काना किंवा मात्रा, सलग दोन मात्रा, पाय मोडल्यानंतर लगेच वेलांटी, मराठी शब्दाच्या पोटात इंग्रजी अक्षर. या चार शोधांत तक्त्याच्या बहुतेक चुका बाहेर येतात. चूक मजकुरात दुरुस्त करू नका, तक्त्यात करा आणि पुन्हा चालवा. त्यानंतर हनस्पेल या शुद्धलेखन तपासनिसाचा मराठी कोश, आणि मग छापील अंक शेजारी ठेवून मुद्रितशोधन.

फाँट आहे पण तक्ता काही केल्या जमत नाही, अशा फाइली मूळ फाँटात पीडीएफ करून ३०० डीपीआयच्या प्रतिमा काढा आणि टेसरॅक्ट या प्रतिमेतली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमच्या मराठी मॉडेलला द्या. छपाईचा डाग नाही, कागदाचा पिवळेपणा नाही, त्यामुळे स्कॅन केलेल्या पानापेक्षा निकाल चांगला येतो. तक्त्याने काढलेल्या मजकुराशी तो ताडून पाहणे हीसुद्धा एक तपासणीच.

लेखांची शीर्षके गायब दिसली तर हरवली असे समजू नका. ती बहुधा कोरलड्रॉमध्ये वळणे करून चित्र म्हणून पेजमेकरमध्ये आणलेली असतात. त्यांत मजकूर उरलेलाच नसतो. ती अंक पाहून हातानेच टाइप करावी लागतात, आणि लेखाचा क्रमही अनुक्रमणिकेवरून लावावा लागतो, कारण पेजमेकरमधून लेख ज्या क्रमाने बाहेर येतात तो छापलेला क्रम नसतो.